एक गाठ राखून

वेल्टाबाईंचा हात मोडला, बर्फावर घसरून,
आणि शाळेनं निरोप धाडला मला.
का, तर माझं घर समोर
आणि माझ्याकडे चांगली कात्री आहे, पत्रा कापायची.

मी बस डेपोतला फिटर. नखांत वंगण.
माझ्यापुढे सात मुलं, टबात कोमट पाणी,
पाण्यात भिजत पडलेला रायचा पेंढा,
आणि साडेतीनलाच खिडकीला येऊन टेकलेला
लाटव्हियाचा डिसेंबर.

काडी कोरडी राहिली तर तडकते,
जास्त भिजली तर मान टाकते,
असं बाईंनी चिठ्ठीत लिहिलं होतं, डाव्या हातानं.
अक्षरं सगळी एका अंगावर कललेली,
तीही घसरलीच असतील.

बारा काड्या घ्यायच्या, सारख्या.
‘सारख्या’वरून अर्धा तास गेला.
मादारानं आपल्या बोटाचं माप धरलं,
रूडोल्फ्सनं शेजारणीच्या नाकाचं,
पाउला म्हणाली, मी डोळ्यांनीच मोजते,
आणि तिचीच मापं बरोबर निघाली, काय करता.

मग दोरा ओवायचा पोकळ काडीतून.
तीन काड्या, एक गाठ: त्रिकोण.
आणखी दोन: दुसरा त्रिकोण, पहिल्याला चिकटून.
इंजिन उघडून परत जोडतो मी डोळे मिटून,
पण ही दोन ग्रॅमची वस्तू
माझ्या हातात राहीना.
तीन काड्या चिरडल्या. मुलं मोजत होती.
चौथ्या वेळी एल्झानं माझा अंगठा धरून बाजूला केला,
नट पडतो तसा नुसता.

गंमत अशी की शेवटच्या गाठीपर्यंत
सगळं टेबलावर सपाट पडून असतं,
कोळ्याच्या फाटक्या जाळ्यासारखं.
शेवटची गाठ आवळली की
ते एकदम उठून बसतं.
आठ बाजू, आणि एकही भिंत नाही.
‘आत काय आहे?’ पाउलानं विचारलं.
‘काही नाही,’ मी म्हणालो.
‘मग एवढं जपून का धरायचं?’
या प्रश्नाचं उत्तर चिठ्ठीत नव्हतं.

गिर्ट्स सगळ्यात कोपऱ्यात.
त्याच्या काड्या नखाएवढ्या, दाणे मोजावेत तशा मांडलेल्या.
‘अरे, एवढ्या बारीक का कापल्यास?’
‘पाकिटात मावायला हवं.’
बाप आयर्लंडात, कुठल्याशा अळंबीच्या शेडमध्ये,
गेल्या नाताळाला विमान चुकलं,
या नाताळाला म्हणे पैसे चुकले.
हे त्यानं नाही सांगितलं, मादारानं सांगितलं,
दोऱ्याचं टोक दातांत धरून.

बाकीच्यांची झुंबरं मी छताला टांगली.
टांगताच ती फिरायला लागली, आपली आपण.
‘आपण श्वास घेतो म्हणून फिरतात,’ रूडोल्फ्स म्हणाला,
आणि सातही जणांनी गाल फुगवून श्वास कोंडला.
मीही कोंडला. लाज वाटली नाही.
झुंबरं फिरतच राहिली.
स्टोव्हजवळची हवा वर चढत होती,
एवढंच कारण,
पण मी ते बोललो नाही.

जाताना गिर्ट्सनं आपलं ते
वहीच्या दोन पानांत दाबून घेतलं,
अजून सपाट, गाठ न मारलेलं,
दोऱ्याचं लांब टोक बाहेर सोडून.
‘पूर्ण करून देऊ का?’
त्यानं मान हलवली.
‘ती गाठ बाबा मारणार.’

मी पेन शोधला, मिळाला नाही.
म्हणून वहीच्या कोऱ्या पानावर
वंगणाच्या बोटानंच एक बाण काढला,
दोरा कुठून कुठे न्यायचा त्याचा,
आणि खाली, फिटरच्या सवयीनं, लिहिलं:
हलक्या हातानं. जास्त आवळू नये.