सालईमेट, घरं एकेचाळीस

उमरेडहून निघालेली सकाळची बस फाट्यावर सोडते.
पुढे दोन किलोमीटर पायी,
खांद्यावर याद्यांची पिशवी, पायात लेकीचे जुने बूट.
शाळेत पोरं अकरा,
तेव्हा गाव मोजायला बाईंना वेळच वेळ,
असं तहसिलीत कुणाला तरी वाटलं.

घर एक. फगनाबाई शेंदरे,
तलावातल्या शिंगाड्यांची राखणदार.
किती जण राहता?
"मी हावो, न् हे बकरी. बकरी लिवतं का?"
बकरीला रकाना नाही.
"मंग मले एकलीलेच कायले मोजतं?"
मी तिला दाराशी बसून मोजलं.
बकरीनं यादीचा एक कोपरा खाल्ला.

सात, आठ, नऊ: कुलूप.
बुटीबोरीला कंपनीत गेलेत, शेजारीण सांगते,
तान्ह्या पोळ्याला येतात, मतदानाला येतात,
कुणी मेलं तर दुसऱ्या दिवशी येतात.
आठच्या अंगणात तिनं वांगी लावलीत.
घर रिकामं, असं लिहिताना
वांग्यांकडे बघितलं नाही.

घर बारा, रेवाराम कोहळे.
पंक्चर काढतो, केस कापतो,
लग्नात भोंगा लावतो, मयताला तिरडी बांधतो.
व्यवसाय एकच लिहायचा, भाऊ.
"आज वार कोनता हाय?"
मंगळवार.
"मंग काईच नाई लिवा."

घर सोळाला सुखरू उईके खाटेवर,
डोळ्यांत मोतीबिंदू, आवाज खणखणीत.
"वाघ मोजाले झाडाझाडाले कॅमेरे लावले, बाई.
रातचेही फोटू निघते त्याचे.
आमाले मोजाले तू एकली,
न् तुले सायकलही देली नाई?"
वय विचारलं तर म्हणाला,
तलावाची पार फुटली तवा मी ढोरं राखत होतो.
पार कधी फुटली, ते पाटलाच्या वहीत होतं,
वही पारीसोबत गेली.
मी अंदाजे एक्क्याऐंशी लिहिलं. तो खूश झाला.

तेवीसमध्ये चूल एक, भाऊ दोन,
आठ वर्षं एकमेकांशी शब्द नाही.
नियम सांगतो, एक चूल म्हणजे एक कुटुंब.
धाकटा आतून ओरडला, दोन लिवा.
थोरला गोठ्यातून ओरडला, दोनच.
माय भाकर परतत म्हणाली,
"इतक्या सालात पयल्यांदा एक बोलले.
लिव एक."

एकोणतिसावं घर, चार दिवसांची पोरगी,
नाव अजून ठरलं नाही.
नाव नसलं तरी धरतात, मी म्हटलं.
तिच्या आजीनं विचारलं, कितवी आली?
मागची पानं चाळली, बोटं मोजली.
एकशे सात.
आजीनं ते दोनदा म्हणून पाहिलं,
मग आत जाऊन सुनेला सांगितलं.

संध्याकाळपर्यंत एकशे एकोणचाळीस.
मागच्या खेपेला दोनशे सहा होते.

यादीत अजून एक नाव उरलं होतं:
पिंपळमेट रिठी.
टेकराच्या मागे. सरकारदरबारी गाव,
नकाशात हद्द, सातबाऱ्यावर शेतं, माणूस नाही.
तिथंही जाऊन पाहायचं असतं,
शून्यसुद्धा घरी बसून लिहिता येत नाही.

पडकी जोती, त्यांतून वर आलेली सागाची रोपं,
विहिरीवर बाभूळ.
कडुनिंबाखाली मातामायचा दगड,
त्यावरचा शेंदूर ओला,
भोवती सारवलेलं, कडेला पाण्याचा गडवा.
हाक मारली, कोण आहे?
दोनदा मारली.

शून्य लिहिलं. सही केली. तारीख घातली.
गडवा पालथा घालावा की तसाच ठेवावा
यात बराच वेळ गेला,
आणि शेवटची बस चुकली.

रात्री फगनाबाईकडे शिंगाडे उकडले.
आंधारात ती म्हणाली,
"आज माह्या घरी दोघी हावो.
तुही वही काढ."
मी म्हटलं, मला उमरेडला मोजलंय.
ती काही बोलली नाही.
बकरी माझ्या पायाशी येऊन बसली.