शिल्डांची मोजदाद

नॅकची कमिटी येणार म्हणून प्राचार्यांनी
जिमखान्याची किल्ली माझ्याकडं दिली,
म्हणाले, एकदा मोजून घ्या.
कुलूप उघडेना. रॉकेल घातलं, मग उघडलं.

सदतीस शिल्ड.
त्यातले चार वाळवीनं एवढं मन लावून खाल्लेत
की नुसती पितळी पट्टी उरलीय,
पट्टीवर विजेता, विजेता, विजेता,
एकीवर उपविजेता.
त्या वर्षी मुंतजीब सर आठ दिवस
कोणाशी बोलले नव्हते.

मी तेव्हा दुसरा गोलकीपर. म्हणजे बाकावरचा.
माझ्या हातात चेंडू यायचा तो बाहेर गेलेला,
नाल्यातून काढलेला, ओला.
फ्रान्सिस पुढं उभा असताना
माझी गरज कोणाला पडली नाही,
आणि खरं सांगतो, त्याचं काही वाटायचं नाही.
पूर्णेच्या संघाच्या बाकावरचा पोरगासुद्धा
नांदेडात चहाचे पैसे देत नसे.

ग्राउंड रुळाच्या कडेला.
अकोल्याची मीटरगेज जाताना
ड्रायव्हर वेग कमी करायचा,
हात बाहेर काढून विचारायचा, किती?
आम्ही बोटं दाखवायचो. तीन.
मग शिट्टी, लांबलचक, थेट पुलापर्यंत.
कधी कधी एका हाताची बोटं पुरायची नाहीत.

अर्धा संघ लोको शेडचा.
फायरमनचा बलदेव, पॉइंट्समनचा असद,
आणि शेडचा नसलेला भुजंग कऱ्हाळे,
जो खेड्यातून सायकलवर यायचा
आणि सायकलीइतकाच बारीक होता,
पण उजव्या बगलेनं सुटला
की अंबाजोगाईचे बॅक एकमेकांकडं बघत राहायचे,
पाव्हणा न जेवता निघून गेल्यासारखे.

नेमकं कधी संपलं, सांगता येत नाही.
शेड हललं. रूळ रुंद झाले, क्वार्टर रिकामे झाले.
सर रिटायर झाले, जागा भरलीच नाही,
तासिकेवर एक जण आला, तो क्रिकेटचा.
मग एका वर्षी उदगीरला नऊ-शून्य.
परतीच्या गाडीत पोरं अंताक्षरी खेळत आली.
नऊ गोल मी विसरलो असतो.
ती अंताक्षरी जात नाही कानातून.

परवा विद्यापीठाचं पत्र आलं, संघ पाठवणार का?
नोटीस लावली. सात नावं आली.
दोघांनी विचारलं, प्रमाणपत्र मिळतं ना?
एकानं विचारलं, गोलकीपरला पळावं लागतं का?

ग्राउंड मात्र ओस नाही, गैरसमज नको.
पहाटे पाचपासून शंभर-दीडशे जण पळायलेत,
पोरीही, मोबाइलच्या घड्याळावर,
पोलीस भरतीचे सोळाशे मीटर,
कडेकडेनं, गोल गोल.
मधोमध कोणीच नाही. तिथं गवत गुडघ्याला लागतं.
गोलपोस्टच्या आडव्या दांडीला
तिघं-चौघं लोंबकळायलेत
उंची वाढावी म्हणून.

असदचा धाकटा त्यांच्यातच आहे.
विचारलं, अब्बा कुठल्या जागेवर खेळायचे, माहीत आहे का रे?
तो थांबला नाही. पळता पळताच म्हणाला,
"काका, टाइम चाललाय."

रकाना सात, क्रीडा परंपरा. सदतीस लिहिलं.
शेजारचा रकाना, गेल्या पाच वर्षांतले.
तिथं आडवी रेघ मारली,
पट्टी धरून, सरळ.

कपाटाच्या तळाशी माझे हातमोजे निघाले.
एका सामन्यापुरतेही घातले नव्हते,
एवढ्या सगळ्यात तेच काय ते कोरे.
ते यादीत धरायचे का,
साहेबांना विचारायचं राहिलंय.