दोन पंक्चर

नजांबा म्हणजे हत्ती, होसी म्हणजे सिंह.
आमच्याकडे जुळ्या मुलग्यांना हीच नावं ठेवतात.
आधी येईल तो हत्ती.

हुआंबोतून रुळांकडे जाताना निलगिरीच्या रांगेखाली
मामाचं टायरचं दुकान आहे, म्हणजे
चार खांब, एक पत्रा, धापा टाकणारा कॉम्प्रेसर
आणि पाण्यानं भरलेलं अर्धं पिंप.
दोघे म्हातारे रोज येतात.
एकाच बाकावर बसतात, तोंडं रस्त्याकडे.
एकमेकांकडे न बघायला बाक सोयीचा असतो.

नजांबा सरकारच्या फौजेत होता. कलाश्निकोव्ह.
होसीला रानातल्यांनी शाळेतून उचललं, आणि हातात दिली
पोर्तुगीज मागे टाकून गेले होते ती जी-थ्री.

"साडेचार किलोचं धूड तुझं!
पळायचं, की तिला मिरवायचं?
माझी नदीत पडली. रात्रभर चिखलात.
सकाळी काढली, झटकली, नळीतलं पाणी ओतलं,
पहिल्या घोड्याला बोलली."

"बोलली, पण कुणाशी?
तीनशे पावलांवर तुझी म्हणजे
नुसती गावभर बडबड.
माझी एकदाच बोलायची.
आंब्याचं खोड आरपार,
आणि खोडामागचा..."
इथे तो शेंग फोडतो.

"आणि वाळू गेली की मुकी!"
"वाळू जाऊच कशी द्यायची? पुसायची."
"पुसायला सवड कोण देत होतं, आम्ही?"
"हो तर. तुम्ही बारा ते दोन जेवायला जायचा."

साशिपेंगू ट्रकवाला टायर सुटेपर्यंत उभा असतो,
तो मध्ये पडतो. त्यानं ऐकलंय,
हलकी गोळी आत शिरून कोलांट्या खाते.
दोघेही त्याच्याकडे असे बघतात
की तो चाकाचे नट मोजायला लागतो.

मामा बोलत नाही. ट्यूब फुगवतो,
पाण्यात दाबतो, वितीवितीनं फिरवतो,
बुडबुड्याची वाट बघतो.

जूनची गोष्ट. गार धुकं होतं.
होसी म्हणाला, "माणूस जागच्या जागी थांबला पाहिजे,
नाहीतर बंदूक कसली?
गिरणीपाशी एक होता. मारली. लागली, मी पाहिलं.
तरी तो थांबला नाही.
पळालाही नाही, चालला.
टोपी पडली होती ती वाकून उचलली,
आणि मक्याच्या पोत्यांमागे गेला."

"लागली नसेल."
"लागली."
"जी-थ्रीची लागली आणि चालत गेला?
अरे, मग इतकी वर्षं कसली फुशारकी..."
नजांबा हसायला लागला,
आणि ते हसू अर्ध्यातच राहिलं.
"कोणती गिरणी?"

"गिरणी. सगळ्या सारख्याच असतात."
"साल?"
"सालं कोण मोजत होतं."

नजांबानं टोपी काढली,
आतून पाहिली, परत घातली.
त्याचा खांदा मी कधी बघितलेला नाही.
भर उन्हातही तो शर्ट काढत नाही,
पण आमच्याकडे कुठलाच म्हातारा काढत नाही.

"पोरा, खडू," मामा म्हणाला.
मी ओल्या रबरावर फुली मारली.
त्यानं ट्यूब उलटी केली. तिथेही बुडबुडे.
"दोन आहेत. खिळा इकडून शिरून तिकडून गेलाय.
दोन्हींचे पैसे पडतील."
साशिपेंगूनं कुरकुर केली. बाकावर
शेंगांची पुडी दोघांच्या मध्ये उघडी,
कुणी हात घालेना.

मग नजांबा म्हणाला,
"पण एक कबूल कर. धक्का फार मारायची ती तुझी.
खांदा काळानिळा व्हायचा."

"कबूल," होसी म्हणाला. लगेच.
सहा वर्षं मी इथे हवा भरतोय,
त्याच्या तोंडून हा शब्द कधी ऐकला नव्हता.

त्या दिवशी ते लवकर उठले.
एक चर्चच्या बाजूनं गेला, एक रुळांवरून.

दुसऱ्या दिवशी दोघे आले,
बाकावरचं दव बाहीनं पुसलं,
आणि पुन्हा
वजनापासून सुरुवात केली.