नोंद आढळत नाही

एकतीस वर्षं मी साताऱ्याच्या भूमी अभिलेख कचेरीत
वारसांच्या नोंदी केल्या.
मयत अमुक, वारस तमुक, फेरफार मंजूर.
आता सदर बझारातल्या खोलीत संध्याकाळी
एज्राचं पुस्तक उघडतो, तर तिथंही
माझंच काम चाललेलं.

लेवीचा कहाथ, कहाथाचा अम्राम,
अम्रामाचा अहरोन, अहरोनाचे चार.
दोघे परका अग्नी नेला म्हणून जागीच जळाले,
बिनवारस.
उरले एलाजार नि इथामार.
पुढं थेट सादोकापर्यंत वेल सरळ,
एकही खाडाखोड नाही.
असली वेल दिसली की
माझ्यासारख्याला आधी शंका येते.

मग बाबेलहून ते येतात, धुळीनं माखलेले,
म्हणतात, आम्ही याजक.
हबायाचे, हक्कोसाचे, आणि बर्जिल्लयाचे,
ज्यांच्या मूळपुरुषानं सासऱ्याचं नाव लावलं.
घरजावयाचा वंश, कुठल्या पानावर सापडणार?
वंशावळ्या चाळल्या. नाव नाही.
हुकूम झाला: उरीम-थुम्मीमवाला याजक उभा राहीपर्यंत
पवित्र अन्नाला शिवू नये.
म्हणजे प्रकरण प्रलंबित.
तो याजक काही आला नाही.
तारखा पडतायत, अडीच हजार वर्षं.

आम्ही तर त्याहून गमतीचे.
आडनाव थळकर. गावाचं, बापाचं नाही.
शनिवारी बंद असलेला तेलाचा घाणा
एवढाच आमचा दप्तरी पुरावा.
गलबत फुटलं तेव्हा कागद बुडाले, बाबा म्हणायचे.
कोहेनही बुडाला, की नव्हताच,
कोण सांगणार?
रेऊबेनचा पहिला मुलगा महिन्याचा झाला,
पाच नाणी देऊन सोडवायचा,
तर घ्यायला हात नाही.
मिल्कानं ती फडक्यात बांधून
पिठाच्या डब्यामागं ठेवली.
नातू आता कॉलेजात आहे.

काल रात्री मात्र वेगळंच आठवलं.
शहाऐंशी साल. अंगापूरचा चंदर गुरव,
हातात पिशवी, पिशवीत बेल.
साहेब, सात पिढ्या देवाला पाणी आम्हीच घालतो,
इनामाच्या उताऱ्यावर आज्याचं नाव तेवढं बघा.
मी रजिस्टर काढलं.
वाळवीनं एक कोपरा खाल्लेला.
आजा बहुधा त्याच कोपऱ्यात होता.
मी शेरा मारला, माझ्या वळणदार अक्षरात:
नोंद आढळत नाही.

तो भांडला नाही.
बेलाची दोन पानं टेबलावर ठेवली,
टोपी सारखी केली.
निघतो साहेब, शेवटची एसटी हाय.
सकाळी देवाला पाणी कोन घालनार?