पान एक्केचाळीस, समासात

व्हर्लिन ऑपसालची फाइल माझ्या टेबलावर आली
तेव्हा तिला तीन कड्या होत्या, एक वाकडी,
आणि वास:
घामाचा, निलगिरीच्या मलमाचा,
शाळेच्या बसमध्ये कधीतरी सांडलेल्या कॉफीचा.

मुख्याध्यापक म्हणाले, आर्डिस, हे सगळं ऑनलाइन चढव.
सगळ्या कोचना एकच लिंक. ऑगस्ट संपायच्या आत.
नॉर्थ डकोटात ऑगस्ट संपतो म्हणजे
सूर्यफुलं माना वळवायची सोडून देतात,
उभी राहतात पूर्वेकडे तोंड करून, हट्टी.

मी एकेक पान काचेवर पालथं घातलं.
कुस्तीतल्या पोरांनी वजन किती उतरवावं, किती नाही.
चटया पुसायचं औषध, बादलीला दोन झाकणं.
पारा कितीवर गेला की सराव थांबवायचा.
बसचा ड्रायव्हर आला नाही तर फोन कुणाला
(तीन नावं. त्यातली दोन आता चर्चमागे, दगडावर).

मग रात्री फाइल उघडली की माणसं दिसू लागली,
माणसं म्हणजे रंगीत रेघा, लुकलुकणाऱ्या.
हिरवी लॅव्हॉन, मुलींचं बास्केटबॉल.
जांभळा तो नवा, फार्गोहून आलेला.
कुणी 'मुलगे' खोडून 'खेळाडू' केलं.
कुणी परत 'मुलगे'.
तिसऱ्यांदा 'खेळाडू' मी केलं, आणि भांडी घासायला गेले.

पान एक्केचाळीसचा समास मशीनने कापला होता.
मूळ कागद काढून पाहिला. पेन्सिल, दाबून लिहिलेलं:
*हरलेल्या पोराला एकट्याला घरी सोडू नये.*
खाली फक्त, *डॅरेल.*

डॅरेल बीजगणिताला माझ्या पुढच्या बाकावर बसायचा.
मानेवर चटईने सोललेलं लाल.
त्या फेब्रुवारीत बस परतली, तो आपल्या पिकअपमध्ये बसला,
हात हलवला.
पुढचं गावाने कधी नीट सांगितलं नाही
आणि मीही विचारलं नाही.

ओळीला क्रमांक नव्हता, मंजुरीची तारीख नव्हती.
मी ती टाइप केली.
बिस्मार्कच्या वकीलबाईंचा निरोप आला:
'सोडू नये' अंगाशी येईल. आधी 'शक्यतो' घाला.
घातला.
एवढासा शब्द, दाराच्या फटीएवढा.

जानेवारी. आमची पोरं मायनॉटला हरली, सपाटून.
पावणेबाराला मी सहज फाइल उघडली.
पान एक्केचाळीसवर कुणीतरी होतं, नाव नसलेलं;
अशांना कॉम्प्युटर कुठल्यातरी प्राण्याचं चित्र देतो,
याला पाणमांजर मिळालं होतं.
रेघ 'शक्यतो'च्या मागे उभी. बराच वेळ.
मग शेवटचं अक्षर गेलं. मग मधलं.
मग पहिलं.

पूर्ववत करा, असं एक बटण असतं.
मी बाहेर वाहनतळाकडे पाहिलं, खिडकीत वाफ धरली होती,
बोटाने पुसली:
एक पिकअप, तिच्यामागे अगदी हळू दुसरी गाडी,
दोघींचे दिवे बर्फावर.

सकाळी बिस्मार्कला कळवलं,
फाइल अद्ययावत आहे.