तोंड आरशाकडं

दाढीला बसलेला माणूस मान मागं टाकतो,
डोळे मिटतो, गळा माझ्या हवाली करतो.
वस्तऱ्याला भीत नाही समडोळीत कुणी.
भीतात ते माझ्या ढेकराला.

सडक्या अंड्याचा. खोटं कशाला बोलू?
पोटातनं गुरगुरत वर येतो,
मी तोंड आरशाकडं फिरवतो,
काच धुरकटते, अन् तिच्यातच दिसतं
गिऱ्हाइकाचं आक्रसलेलं नाक,
डोळे तसेच मिटलेले.
माणसं भली. तोंडावर कोण बोलत नाही.
नुसती पुढच्या रविवारी
स्टँडजवळच्या नव्या पोराकडं जातात.

मालननं ओवा दिला, चावला.
हिंग बेंबीला लावला, ताकातनं प्यालो.
सोड्यानं तर त्याला उलट जोर आला.
सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबलं,
जंतूची तपासणी केली, काही निघालं नाही.
मग पेन खाली ठेवून म्हणाल्या,
"जेवता कसे?"

हे कुणी विचारलंच नव्हतं.

उभ्यानं, बाई.
एकाच्या गालावर फेस मुरेपर्यंत चार घास,
भाकरीबरोबर वारा पण गिळतो.
रात्री दहाला शटर ओढलं की
कोपऱ्यावरच्या गाड्यावर दोन उकडलेली अंडी, कांदा,
घरी जाऊन लगेच आडवा.

पायगोंडा मगदूम गुरुवारी आले.
वय एक्याऐंशी, कवळी खिशात.
नेमका तेव्हाच आला. मी तोंड फिरवलं.
डोळे न उघडता म्हातारा म्हणाला,
"काल मुळा होता वाटतं."
मी गप्प.
"माझ्या तोंडाचा वास तू किती वर्षं घेतोस?
कधी फिरवलंस तोंड?"
मग हनुवटी वर करत,
"आमच्यात दिवस मावळला की ताट उचलतात.
तू पण उचलून बघ."

आता दुपारी एकला दाराला पाटी असते.
दुकानात खुर्ची एकच, गिऱ्हाइकाची,
तिच्यातच बसून जेवतो, आरशासमोर.
बत्तीस वेळा चावायचं ठरवतो,
अकराव्याला मोजणी चुकते.
आरशातला माणूस घास गालात धरून बघतो माझ्याकडं,
थेट आमचा बाप.
तो पण उभ्यानंच जेवायचा, झाडाखाली,
पेटी काखेत.

कालही एक ढेकर आला.
सवयीनं मान वळली.
काच धुरकटली तेवढी,
वास ताकाचा, जरासा जिऱ्याचा.
मुळा मात्र सुटला नाही अजून.