पन्हळीचं तोंड

वकीलबाई विचारतात, बर्फ कधी थांबला?
मंगळवारी, रात्री नऊच्या सुमारास.
सुमारास म्हणजे?
म्हणजे आइलीच्या स्वयंपाकघरातला दिवा मालवला तेव्हा.
तो नऊलाच मालवतो. एकतीस वर्षं.

टेबलावर रेकॉर्डर, पाण्याचा जग, फोटो.
फोटोत माझा फुटपाथ.
माझा म्हणजे डुलुथ नगरपालिकेचा,
पण कुणाचा पाय घसरला की माझा.

फावडं कधी मारलं?
पहाटे सहाला.
मीठ?
टाकलं.
किती?
मुठीनं. डाव्या. उजवीची दोन बोटं खनिजाच्या गोदीत राहिली,
ते लिहू नका.
त्या लिहितात.

मग कायदा सांगतात, पोराला गणित सांगावं तसा:
आभाळातून पडलेला बर्फ कुणाचाच नसतो,
त्यावर कुणी पडलं तर तो हिवाळा.
पण छपराचं पाणी पन्हळीतून उतरून
फरशीवर गोठलं,
तर त्या बर्फाला मालक असतो.

फोटोत पन्हळ आहे.
तोंड रस्त्याकडे.
खाली लांबट, काचेसारखी जीभ
आणि तिच्यावर टाचेचा एक पांढरा ओरखडा.

पन्हळ कुणी वळवली, मिस्टर लाहती?

मी.

का?
(माझा वकील खोकतो.)

दोन वर्षांमागे, एप्रिलात,
आइलीच्या तळघरात पाणी शिरलं.
लोकरीचे गुंडे, बरण्या, एनोकचे बूट, सगळं तरंगत होतं.
एनोक त्याआधीच्या थंडीत गेला,
बूट तेवढे उरले होते.
पाणी माझ्याच छपराचं.
ती बोलली नाही काही.
बूट पायरीवर उन्हात मांडले, जोडीनं,
जणू आत कुणी जेवायला आलंय.

मला ते बघवेना.
त्याच संध्याकाळी शिडी लावली,
तिच्या भिंतीकडचं तोंड रस्त्याकडे फिरवलं.

एवढं सांगतो.
शिडी कुणी धरली होती
ते त्या विचारत नाहीत.
मीही सांगत नाही.

खुब्याचं हाड. एक पट्टी, तीन स्क्रू.
दावा तिच्या नावाचा, पण भांडतात विमा कंपन्या;
तिनं मुलीकरवी निरोप धाडला:
रेइनो, कागदावर रागावलेय, बाकी काही नाही.
सोबत राईचा पाव, फडक्यात गुंडाळलेला.
तो खावा की नाही, माझ्या वकिलाला विचारावं लागलं.
तो म्हणाला, खा, पण पावती देऊ नका.

आता पन्हळ कुठे वळवू?
पूर्वेला तिचं तळघर,
पश्चिमेला रस्ता,
मागे उतार, थेट शाळेच्या बसथांब्यापर्यंत.
छपराखाली बादली ठेवलीय.
दुपारी ऊन पडलं की पागोळ्या गळतात,
अंधार पडला की कडा धरतात.
दर दोन तासांनी बादली उचलतो,
घरात आणतो,
मोरीत ओततो.
एकाहत्तराव्या वर्षी स्वतःच्या छपराचं पाणी
चोरासारखं घरात.

नऊ वाजले.
सव्वानऊ.
समोर दिवा अजून जळतोय.
बटणापर्यंत जायला
तिला आता वेळ लागतो.